पेन्सिल आत जाते का?

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाई फार चढ्या आवाजात बोलते. अठरा वर्षं मी स्प्रिंगा मोजून पिशव्यांत भरतेय. माझ्या पॅकिंगच्या टेबलासमोर काचेचं पार्टिशन आहे आणि त्याच्या पलीकडे हॅलोताईंचं टेबल. पार्टिशनला खाली चार बोटं फट आहे, ती आजवर कुणी बुजवलेली नाही. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही, माझ्या दोन कानांनी ऐकलेलं आहे.

हॅलोताईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेलच. पण सव्वीस वर्षं ज्या बाईनं दिवसातून साठ वेळा फोन उचलून "हॅलो, बोला" म्हटलं, तिला दुसरं काय म्हणणार? ठेंगणी मूर्ती, दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला चष्मा आणि कानामागे एक पिवळी पेन्सिल. ती पेन्सिल लिहायला कमी आणि मापाला जास्त.

आमची कंपनी स्प्रिंगा बनवते. लांबट शेड, सात मशिनं, अकरा माणसं, आणि सकाळी दार उघडल्याबरोबर नाकात शिरणारा तेलाचा वास. दाराची, कुलपाची, खुर्चीची, पंपाची, कुठलीही स्प्रिंग सांगा, आमचा मिस्त्री वळून देतो. अडचण एवढीच की माणसांना सांगता येत नाही. स्प्रिंग तुटेपर्यंत ती आपल्या घरात आहे हे कुणाच्या गावीही नसतं. मग फोन येतो, "अहो, ते आतलं वेटोळं तुटलंय, तेवढं द्या." आता कुठलं वेटोळं म्हणून द्यायचं?

ताईंचं उत्तर ठरलेलं. "आधी काय बिघडलंय ते सांगा. स्प्रिंग नंतर बघू."

मग एकेक प्रश्न. खाली गेलेलं वर येत नाही, की वर आलेलं खाली जात नाही? दाबली जाते, ओढली जाते, की पिळली जाते? तुटली, की नुसती ढिली पडली? तिथं पाणी असतं का? आणि शेवटी, "जुनी हातात आहे ना? मग एक पेन्सिल घ्या. आत जाते का बघा. सैल जाते की घट्ट?" पलीकडचा माणूस घरभर पेन्सिल शोधत फिरायचा, आणि ताई इकडे कपाटाचे खण उघडून नमुन्याच्या स्प्रिंगांत आपली पेन्सिल घालून बघायच्या. पाच मिनिटांत एक स्प्रिंग माझ्या टेबलावर यायची. "ही पाठव गं." परत आलेला माल माझ्याच हातात पडतो, म्हणून छातीठोक सांगते, ताईंनी निवडलेली स्प्रिंग परत आलेली मी वर्षातून दोनदासुद्धा पाहिली नाही.

त्या इथं आल्या तेव्हा फोनवर नव्हत्या. माझ्या आधी याच टेबलावर पॅकिंगला होत्या. नवरा नुकताच गेलेला, पदरात तीन वर्षांची पोर आणि शिक्षण नववी. पॅकिंगच्या बायकांनी फोनला हात लावायचा नाही, असा थोरल्या साहेबांचा नियम होता. थोरले साहेब म्हणजे कंपनीचे मालक, ज्यांनी एका मशिनवर हा धंदा उभा केला. एकदा दुपारी सगळे जेवायला गेलेले आणि फोन वाजतोय, थांबायचं नाव नाही. ताईंनी घाबरत उचलला. पलीकडे एक न्हावी रडकुंडीला आलेला. त्याची खुर्ची खाली गेली ती वर येईना, आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी त्यात रुतून बसलेलं. ताईंना स्प्रिंगांतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्यांनी त्याला काय होतंय, कसं होतंय, एवढंच विचारलं, आणि डोक्यात येतील तशा सहा स्प्रिंगा पाठवून दिल्या. तिसरी बसली. दुसऱ्या दिवशी तो न्हावी स्वतः येऊन थोरल्या साहेबांना म्हणाला, "तुमच्याकडे एक बाई आहे, ती ऐकून घेते." थोरल्या साहेबांनी त्याच दुपारी टेबल सरकवलं. "उद्यापासून फोन तुझा."

झालं. पोरगी शिकली, लग्न होऊन दूर गेली. थोरल्या साहेबांचे गुडघे गेले, ते घरी बसले. आणि खुर्चीवर आले धाकटे साहेब, त्यांचे चिरंजीव.

हा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर वाढला. शाळेतून थेट इथं यायचा, ताईंच्या टेबलाशी बसून गणितं करायचा आणि "मावशी, मावशी" करून त्यांचा जीव खायचा. पाच वर्षांपूर्वी बाहेर शिकून आला तो लॅपटॉप घेऊन, आणि पहिल्याच दिवशी ताईंना म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम." ज्या बाईनं याचं नाक पुसलं तिला मॅडम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र हसून म्हणाल्या, "अगं, साहेब झाला तो आता. शोभायला नको?"

मुलगा वाईट नाही हो. मेहनती आहे, कुणाचा पगार एक दिवस उशिरा करत नाही. पण हुशार माणसाला एक खोड असते. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याला उत्तर सुचलेलं असतं.

एका सोमवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं. "आज ज्या कंपनीची वेबसाइट नाही, ती कंपनीच नाही. आपण व्यावसायिक माणसाकडून वेबसाइट करून घेतोय." यात चूक काहीच नव्हतं. आमच्याहून बेताच्या स्प्रिंगा वळणारे लोक वेबसाइटवर झळकत होते आणि आम्ही इथं अंधारात. मी मान डोलावली. मग ते ताईंकडे वळले. "तीन महिन्यांनी फोन बंद करू. सगळ्या चौकशा वेबसाइटवरून येतील. मॅडम, तुम्ही खूप केलंत. आता आराम करा."

आणि त्याच दिवशी टेप घेऊन एक माणूस आला आणि ताई बसलेल्या असतानाच त्यांचं टेबल असलेल्या कोपऱ्याचं माप घेऊन गेला. तिथं पाहुण्यांसाठी सोफा येणार होता.

हात धुवायला गेलो तेव्हा ताई नळ चालू ठेवून म्हणाल्या, "मला आराम करता येत नाही गं. घरी मला कोण काय विचारणार? इथं दिवसातून साठ माणसं विचारतात." मी म्हटलं, "मी जाऊन बोलते त्याच्याशी!" तर माझा हात धरला. "गप. त्याला त्याचं काम करू दे."

वेबसाइटवाला आला. तिशीतला, कपडे कडक इस्त्रीचे, आणि हातात एक बॉलपेन, ज्याचं टोक तो सारखं टिकटिक, टिकटिक करत बसायचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "एकदम चकाचक करून देतो." मिस्त्रीनं तासाभरात त्याचं नाव चकाचक ठेवलं. त्यानं फोटो काढणारा आणला. मिस्त्रीच्या हातात वेगवेगळ्या स्प्रिंगा देऊन फोटो काढले. मिस्त्री मुद्दाम दाढी करून आला होता, तर कळलं की फोटोत नुसता हातच आहे. दोन दिवस तोंड फुगवून होता.

ताई एकदाच चकाचकजवळ गेल्या. "लोक काय विचारतात ते सांगू का? मी लिहून ठेवलंय." त्यानं टिकटिक थांबवली नाही. "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सगळं रेडी आहे." उंटावरचा शहाणा मेला!

वेबसाइट झाली, आणि दिसायला सुरेख झाली, खोटं कशाला बोलू? निळा रंग, मोठमोठे फोटो, मिस्त्रीचा हात तर एखाद्या राजाचा वाटावा. पण आपल्या मापाची स्प्रिंग मागायची तर एक फॉर्म भरायचा. त्याला चौदा रकाने. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी, वेढे किती, भार किती, धातू कुठला. एकही रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकेना. फोन नंबर पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. "नंबर वर दिसला की कंपनी छोटी वाटते," चकाचक म्हणाला.

ताईंनी तो फॉर्म वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "हा तर परीक्षेचा पेपर आहे."

पहिला महिना गेला. शेकडो लोक वेबसाइट बघून गेले, असं धाकटे साहेब रोज सांगायचे. फॉर्म भरला शून्य जणांनी. दुसऱ्या महिन्यात फोनही कमी झाले, कारण साहेबांनी फोनवर ध्वनिमुद्रण लावलं, की कृपया आमच्या वेबसाइटला भेट द्या. ताई टेबलावर हात ठेवून बसून राहायच्या. अठरा वर्षांत मी त्यांना रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या कपाटाचे खण पुसायच्या, पुसलेले पुन्हा पुसायच्या. ते बघून माझं स्प्रिंगा मोजणं चुकायचं.

आणि मग आली ऑर्डर! पायानं उघडायच्या कचराकुंड्या असतात ना, दवाखान्यात वगैरे, पाय काढला की झाकण आपोआप पडतं, त्या बनवणारे एक गृहस्थ. त्यांनी फॉर्मला हात न लावता फोटोखालचं "हीच हवी" नावाचं बटण दाबलं होतं. चारशे नग, पिळाची स्प्रिंग. धाकट्या साहेबांनी शेडभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. फोटोसकट कागद छापून ताईंच्या टेबलावरून मिस्त्रीकडे पाठवला. "अगदी फोटोप्रमाणे."

मिस्त्रीनं कागद बघितला. "डावी मागितलीय? कमाल आहे." पिळाची स्प्रिंग उजवीकडे वळते किंवा डावीकडे. आमच्याकडे शंभरातल्या नव्व्याण्णव उजव्या. उलट्या दिशेची बसवली तर ती जोर करायच्या ऐवजी सुटत जाते. हे ताईंना माहीत होतं, म्हणून त्या साहेबांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "एकदा फोन करून विचारते. दोन मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, त्यांना फोन नको होता म्हणून तर त्यांनी बटण दाबलं. गिऱ्हाइकाला त्रास द्यायचा नाही."

मिस्त्रीनं मशिनची मांडणी बदलण्यात अर्धा दिवस घालवला आणि चारशे डाव्या वळल्या. मीच त्या मोजून भरल्या.

नवव्या दिवशी त्याच पेट्या परत आल्या. सोबत चिठ्ठी: "चारशे झाकणं आ वासून बसली आहेत. तुमचा आमचा संबंध संपला."

धाकट्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आणि माणूस घाबरला की ज्याच्यावर ओरडता येतं त्याच्यावर ओरडतो. ते तडक ताईंच्या टेबलाशी आले. "कागद तुमच्या टेबलावरून पुढे गेला होता, मॅडम. सव्वीस वर्षांचा अनुभव ना? मग लक्ष कोणी द्यायचं? मला वाटतं तीन महिने थांबायचीही गरज नाही. या महिनाअखेरीला..."

चोराच्या उलट्या बोंबा! मी पार्टिशनला वळसा घालून निघालेच होते. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ताईंनी नुसता हात वर केला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "तो फोटो दाखवा बघू मला. कागदावरचा नको, तुमच्या लॅपटॉपवरचा. मोठा करून."

साहेबांनी धुसफुसत लॅपटॉप आणला. ताईंनी नाक पडद्याला टेकेल इतकं जवळून बघितलं. मग हाक मारली, "मिस्त्री! जरा इकडे या. हात पुसून या."

मिस्त्री आला.

"हा अंगठा कोणाचा?"

"माझाच की." मिस्त्रीच्या अंगठ्यावर नखापासून मनगटापर्यंत एक वेडीवाकडी खूण आहे, जुन्या तारेनं कापल्याची. ती सगळ्या शेडला पाठ आहे.

"आणि खूण कुठल्या हाताला आहे तुमच्या?"

"डाव्या." मिस्त्रीनं डावा हात वर केला, फोटोकडे बघितलं आणि त्याचा जबडाच खाली आला. "आयला! हा तर उजवा हात आहे!"

ताई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या पर्समध्ये आरसा असतो ना? दे."

मी दिला. त्यांनी तो पडद्यासमोर धरला. आरशात मिस्त्रीचा डावा हात, डाव्या अंगठ्याची खूण आणि त्या हातात आमची नेहमीची, उजवीकडे वळलेली स्प्रिंग. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं हातच्या अंगठ्याला आरसा लागला. अक्षरं डाव्या बाजूला नीट बसावीत म्हणून चकाचकनं फोटोच उलटा फिरवला होता. झाकणवाल्यांनी नेहमीचीच स्प्रिंग मागितली होती, आणि आम्ही फोटोवर विश्वास ठेवून तिची आरशातली बहीण करून पाठवली होती.

शेडमधल्यांनी मशिनं थांबवली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि खरं सांगते, दोन वाजवल्याच.

धाकटे साहेब कानापर्यंत लाल झाले. "मॅडम, मी..."

"ते नंतर," ताई म्हणाल्या. "आधी झाकणवाल्यांना फोन लावा. आवाज मोठा ठेवा, तुम्हीही ऐका."

झाकणवाले पहिली तीन मिनिटं एकटेच बोलले. काय काय बोलले! ताई ऐकत होत्या, मध्ये "बरोबर आहे", "चूक आमचीच", एवढंच. त्यांचा दम संपल्यावर म्हणाल्या, "सरळ वळलेल्या चारशे आम्ही पाठवतो. पण आधी मला सांगा, या कुंड्या जाणार कुठे?"

"दवाखान्यात."

"तिथं फरशी धुतात?"

"रोज दोनदा. कुंड्यासुद्धा धुतात. औषधाच्या पाण्यानं."

"मग तुम्ही निवडलेली घेऊच नका. ती साध्या तारेची आहे, दोन महिन्यांत गंजेल आणि झाकणं पुन्हा उघडी पडतील. तुम्हाला न गंजणारी हवी. आणि झाकण हळू पडायला हवं, की पटकन?"

मग तो माणूस वेगळ्याच आवाजात म्हणाला, "हळू पडलं तर बरंच होईल. पेशंट दचकतात. पण तशी असते का?"

"असते. पेन्सिल आहे का जवळ?"

मी शेजारून धाकट्या साहेबांचा चेहरा बघत होते. पोराला पाठ न केलेल्या धड्यावर प्रश्न यावा, तसे उभे होते. फोटो सरळ असता, स्प्रिंगा उजव्या गेल्या असत्या, तरी माल दोन महिन्यांनी परत आलाच असता, हे त्यांना कळून चुकलं होतं. ताईंनी फोन ठेवला तेव्हा ते खुर्ची ओढून समोर बसले. लहानपणी बसायचे तसे, कोपरं टेबलावर टेकून.

"कशी करायची वेबसाइट? तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी चकाचकला बोलावलं. तो आला तो तयारीतच. "साहेब, फोटो फिरवणं ही छोटी टेक्निकल गोष्ट आहे, पण फॉर्म बदलायची काही गरज नाही. हा फॉर्म व्यावसायिक आहे." टिकटिक, टिकटिक.

ताईंनी हात पुढे केला. "पेन द्या जरा."

त्यानं दिलं. ताईंनी ते उघडलं, आतली इवलीशी स्प्रिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि पेनाचं नळकांडं आपल्या खणात टाकलं. "ही तुटली असं समजा. तुमच्याच फॉर्मवर दुसरी मागा. आली की पेन परत."

चकाचक हसला. मग फॉर्म उघडला. तारेची जाडी. त्यानं स्प्रिंग डोळ्याजवळ नेली, लांब नेली. "साधारण..." साधारण असं लिहिता येईना. बाहेरचा व्यास. वेढे मोजायला लागला, अकरा, बारा, पुन्हा अकरा. भार किती, इथं त्यानं कपाळ पुसलं. दहा मिनिटं झाली. मिस्त्री कामधंदा सोडून दारात उभा राहून मजा बघत होता.

"जमेना?" ताईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, ते मला आवडलं नाही. मी असते तर सोडला नसता.

"नाही जमत," तो म्हणाला.

"मग आता मला सांगा, काय बिघडलंय?"

"पेनाचं टोक बाहेर येतं, पण आत जात नाही."

"रोज दाबता का?"

मिस्त्री दारातून ओरडला, "रोज? मिनिटाला शंभर वेळा!" सगळी शेड हसली, आणि चकाचकही हसला. चांगला माणूस निघाला तो. त्यानं लॅपटॉप बंद केला, वही काढली, ताईंकडून पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाला, "बोला. लोक काय काय विचारतात?"

तीन आठवडे तो रोज ताईंच्या बाजूला स्टूल टाकून बसला आणि फोन ऐकत राहिला. ते मेलं ध्वनिमुद्रण आधी काढून टाकलं होतं. नवी वेबसाइट उघडली की पहिलाच प्रश्न येतो, मोठ्या अक्षरांत: काय बिघडलंय? खाली चित्रं. वर येत नाही. बंद होत नाही. ढिलं पडलंय. तुटलं. आणि सगळ्यात मोठं बटण: माहीत नाही. यावर मात्र वाद झाला. चकाचक म्हणाला, असं बटण जगात कुठल्याच वेबसाइटवर नसतं. ताई म्हणाल्या, "बहुतेकांना माहीत नसतं, आणि तसं सांगायची लाज वाटते. त्यांना आत यायला दार नको?" त्या बटणामागे ताईंचेच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, एकामागून एक. प्रत्येक स्प्रिंगेच्या फोटोत शेजारी पिवळी पेन्सिल ठेवलेली, म्हणजे आकाराचा अंदाज यावा. मिस्त्रीचा अंगठा यावेळी सरळ. आणि फोन नंबर अगदी वर, लांबूनही वाचता येईल एवढा.

ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी आम्ही सगळे लॅपटॉपभोवती गर्दी करून उभे राहिलो. दुपारी जेवणापर्यंत काही नाही. दोन वाजता टिंग. कुणाच्या तरी शिलाई मशिनचा पाय वर राहत नव्हता. मग टिंग, एका बाईच्या बाळाचा पाळणा एका बाजूला झुकत होता. संध्याकाळपर्यंत सतरा! सतराही जणांनी "माहीत नाही" हेच बटण दाबलं होतं, आणि सतराही जणांची स्प्रिंग शेवटच्या प्रश्नाला सापडली होती. ताई एकेक वाचायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर निवडलीय. बरोबर निवडलीय गं!" मी रडले, उघड रडले, मला काय कुणाची चोरी आहे?

आता पाच महिने झालेत. दिवसाला साठ फोन होते, ते नव्वद झाले. वेबसाइटवर निवड करूनही लोकांना एकदा ताईंशी बोलून खात्री करायची असते. झाकणवाल्यांनी दोन हजार नग मागवले आणि वर कळवलं, की झाकण इतकं हळू पडतं की नर्सबाईंनी आभार मानलेत. मिस्त्रीच्या हाताखाली दोन मशिनं वाढली. चकाचक नवीन गिऱ्हाईक मिळालं की आधी त्याला आमच्याकडे आणतो. परवा पंप बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं आली होती. त्यांना म्हणाला, "वेबसाइट मी करीन, पण आधी दोन तास यांच्या शेजारी बसा." आणि पुढच्या सोमवारपासून दोन मुली ताईंच्या हाताखाली शिकायला येणार आहेत. त्यांची टेबलं ताईंच्या दोन्ही बाजूंना लागलीत.

सोफासुद्धा आला बरं का. ऑर्डर देऊन ठेवली होती ना! पण कोपऱ्यात जागाच उरली नाही, म्हणून तो पार्टिशनच्या अलीकडे, पॅकिंगमध्ये आलाय. आम्ही बायका त्यावर बसून डबा खातो.

काल असंच जेवत होतो. ताईंचा पहिलाच घास, आणि पलीकडे फोन वाजायला लागला. ताई उठायला लागल्या तर मी त्यांचा पदर धरला. "बसा. वाजू दे." पण तो वाजतच राहिला, थांबायचं नाव नाही. मग धाकटे साहेब आपल्या खोलीतून आले, इकडे तिकडे बघितलं आणि ताईंच्या खुर्चीत बसून फोन उचलला.

"हॅलो, बोला." जरा ऐकलं. "हां, तर बाहेरचा व्यास किती..." आणि मध्येच थांबले. काचेतून ताईंकडे बघितलं. घसा खाकरला.

"ते राहू द्या. आधी काय बिघडलंय ते सांगा. स्प्रिंग नंतर बघू."

ताईंचा घास हातातच राहिला.

साहेब विचारत होते, ऐकत होते, एका हातानं कपाटाचे खण उघडत होते. मग टेबलावर चाचपायला लागले, कागद उचलले, खाली वाकून बघितलं. शेवटी फोनवर हात दाबून काचेकडे तोंड करून ओरडले, "मावशी! पेन्सिल कुठाय?"

पाच वर्षांत पहिल्यांदा. ताईंनी कानामागून पेन्सिल काढली, वाकल्या आणि पार्टिशनखालच्या फटीतून पलीकडे सरकवली. साहेबांनी ती स्प्रिंगेत घालून बघितली. "मावशी, ते म्हणतात त्यांची सैल जाते!"

"मग खालचा खण बघ," ताई म्हणाल्या, "आणि घाई करू नकोस, त्यांचं पुरतं ऐकून घे." मग त्यांनी तो घास तोंडात घातला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा फोन चालू असताना जेवण पुरं केलं.